रोजमेळ लिहिलात, खतावणी राहिली

प्रश्न : ताई, मी ३७ वर्षांची आहे. राहते पाचोऱ्याला, जळगावला एका खासगी ऑफिसात हिशेबाचं काम करते, रोज रेल्वेने अप-डाउन. नवरा समजूतदार, मुलगी आठवीत, घर स्वतःचं. सांगण्यासारखं दुःख नाही, पण गोडी कशातच वाटत नाही. आईला फोनवर म्हटलं, ‘माले काहीच गोड लागत नही,’ तर ती म्हणाली, सुख टोचतंय तुला. मैत्रिणीच्या सांगण्यावरून तीन आठवडे रोज झोपताना डायरी लिहिली. पानोपानी ‘कंटाळा आला’ आणि ‘असंच जाणार आयुष्य’. वाचून आणखी खचले, वही साड्यांखाली टाकून दिली. कधी वाटतं सासूबाईंच्या फोनमुळे बिनसतं, कधी वाटतं नोकरीच सोडावी. डायरीने खरंच काही कळतं का?
— एक वाचक, पाचोरा

उत्तर : कळतं. पण तुम्ही लिहिलीत तशा डायरीने नाही, आणि यात तुमचा दोष नाही. ‘मनातलं लिही’ एवढंच सांगितलं की बहुतेकांची वही अशीच होते.

तुम्ही हिशेबाच्या माणूस आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. रोजमेळात, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, ‘आज धंदा वाईट झाला’ असं कुणी लिहीत नाही. तारीख, रक्कम, कुणाकडून, कशापोटी एवढंच लिहितात. मग ते ज्या-त्या खात्यावर चढवतात, तीच खतावणी, तेव्हा कुठे गळती दिसते. तुम्ही नोंदी न करताच रोज रात्री एकदम तोटा जाहीर करत होतात. त्यातही वेळ झोपायची, अंग दमलेलं. शेवटचा तास वाईट गेला की आख्खा दिवस तसाच आठवतो.

म्हणून दिवसाचे तुकडे पाडा. २००४ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदला दिवस असाच तुकड्या-तुकड्याने लिहायला लावला होता. सगळ्यात कमी आनंदाच्या कामांत नोकरीला जाण्या-येण्याचा प्रवास होता. तुमचे सात तुकडे होतील : उठल्यापासून गाडीत बसेपर्यंत, जातानाची गाडी, जेवणाआधीचं ऑफिस, जेवणानंतरचं ऑफिस, येतानाची गाडी, घरी आल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत, आणि तिथून झोपेपर्यंत. प्रत्येकाला एक ओळ. काय केलं, बरोबर कोण, आणि उणे ३ ते अधिक ३ मध्ये गुण. पहिले पाच तुकडे परतीच्या गाडीतच लिहून टाका. जागा मिळाली नाही तर मोबाईलमध्ये. उरलेले दोन झोपताना. सगळं मिळून दहा मिनिटं, त्यापुढे वही बंद.

समासात तारखेखाली चार बारीक नोंदी : झोप किती तास, दुपारनंतर काही खाल्लं का, पाळीचा कितवा दिवस, घरी किती वाजता पोचलात.

दिवसातला सगळ्यात खालचा तुकडा मात्र चार ओळींत उलगडायचा. काय घडलं, अंगाला काय जाणवलं, मनात कुठलं वाक्य आलं, तुम्ही काय केलंत. नमुन्यादाखल अशी एक नोंद बघा : ‘७.५० ला घरी. मुलगी टीव्हीसमोर, कणीक मळलेली नाही. म्हणाली, आई, आज काय आहे? पोट रिकामं, खांदे भरून आलेले. मनात आलं, मी आले हे कुणाला दिसलंच नाही. पर्स खांद्यावर तशीच, गॅस पेटवला.’ हीच संध्याकाळ तुमच्या जुन्या वहीत ‘कंटाळा आला’ झाली असती. इथे भूक आहे, थकवा आहे, आणि दखल न घेतल्याचा सल आहे. तिन्हींवरचे उपाय वेगळे. तीन आठवडे ‘कंटाळा’ हा शब्द वापरायचाच नाही असं ठरवा.

‘मलाच असं का होतं’ हा प्रश्नही वहीत नको. त्याला उत्तर नसतं, मन त्याच फेऱ्यात फिरत राहतं आणि आपण विचार करतोय असं उगाच वाटतं. तेच वाक्य तिसऱ्या दिवशी पुन्हा आलं, तर त्याखाली एकच ओळ : उद्या यातलं काय बदलून बघता येईल?

लिहिल्यावर जड वाटलं म्हणजे लिहिणं वाईट, असंही नाही. १९८६ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनीबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांकडून सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, जुन्या आघातांविषयी लिहून घेतलं होतं. लिहून झाल्या-झाल्या त्यांना वाईटच वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. पण ते एखाद्या जुन्या घावासाठी, चार दिवसांपुरतं होतं. रोज रात्री तेच उकरत बसणं वेगळं.

आता खतावणी. दर रविवारी अर्धा तास, मागचं पान. उणे २ किंवा त्याखालचा तुकडा ज्या दिवशी आला तो ‘खालचा दिवस’. प्रत्येक संशयिताचं वेगळं खातं उघडा आणि दोन्ही बाजू मोजा. लोक नेमके इथे चुकतात : फोन आला आणि बिनसलं ते दिवस लक्षात राहतात, फोन आला आणि काहीच झालं नाही ते राहत नाहीत.

समजा १८ कामाच्या दिवसांत ८ खालचे निघाले. सासूबाईंचा फोन ९ दिवस आला, त्यातले ४ खालचे. न आलेल्या ९ दिवसांतलेही ४ खालचेच. मग सासूबाई या खात्यातून सुटल्या. घरी साडेसातनंतर पोचलात ते ७ दिवस, त्यातले ६ खालचे. वेळेवर पोचलात ते ११, त्यातले फक्त २. आता धागा हाती लागला. पण लगेच ‘नोकरी सोडते’ नाही. त्या सहा दिवसांच्या चार-चार ओळी ओळीने वाचा. गाडी उशिरा, की दुपारनंतर पोटात काही नाही, की घरात पाऊल टाकताच स्वयंपाक? मग एकच गोष्ट दोन आठवडे बदला. डब्यात शेंगदाणे-गूळ ठेवा, किंवा तुम्ही येण्याआधी कुकर लावणं नवऱ्याकडे द्या. दोन्ही एकदम बदललंत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

राहिलेले दिवस आठवून भरू नका, कोरे सोडा. फक्त वाईट दिवशी लिहिलंत तर वही वाईटच निघणार. पाळीचा संबंध वाटला तर एका महिन्यावर भरवसा नको, निदान दोन-तीन चक्रं बघा. आणि आपल्या खान्देशातल्या मे महिन्यात, रात्री लाईट गेलेली, झोप चार तासांची, वर आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) पाहुणे, अशा पंधरवड्यावरून संसाराचा निवाडा करू नका.

एक गोष्ट मात्र या नोंदींतही सापडत नाही : जे घडतच नाही ते. तुमच्यासारख्या ‘सगळं ठीक आहे’ म्हणणाऱ्यांची बोच बऱ्याचदा तिथेच असते. लग्नाआधी किंवा दहा वर्षांपूर्वी ज्यात वेळेचं भान राहत नसे अशा पाच गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. वाचनालय, गाणं, मैत्रिणीशी पोटभर गप्पा, काहीही. रविवारी प्रत्येकीपुढे त्या आठवड्यात ती किती वेळा घडली ते टाका. तीन आठवडे पाचही शून्य दिसले, तर गळती शोधण्यापेक्षा जमेची बाजू आधी बघा. त्यातली एक गोष्ट आठवड्यातून एकदा, वार ठरवून.

वही कुणी वाचेल ही भीती असेल तर नावांऐवजी अक्षरं घाला. चार ओळींची पानं महिन्याने फाडून टाकली तरी चालतील, खतावणीत मजकूर नसतो. अहिराणीत सुचलं तर अहिराणीतच लिहा. आईला जे म्हणालात त्यात तुमच्या तीन आठवड्यांच्या डायरीपेक्षा जास्त होतं.

सोबत एकदा डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्या; यांतलं काही कमी-जास्त असलं तरी असाच निरुत्साह येतो. आणि दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसभर मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, किंवा जगू नये असं मनात येत असेल, तर वहीची वाट पाहू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

नोकरीचा निर्णय तोवर बाजूला ठेवा. पहिली खतावणी झाली की नावं खोडून ते एक पान मला पाठवा. त्यात नोकरीचं खातं खरंच उणे निघालं, तर पगार, प्रवास आणि घरखर्च मांडून त्याचा विचार करू.