‘व्हॉट’ आलं म्हणजे प्रश्नच असतो का?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. असर्टिव्ह (विधान), इंटरॉगेटिव्ह (प्रश्न), इम्परेटिव्ह (आज्ञा), एक्सक्लमेटरी (उद्गार) ही इंग्रजी वाक्यांच्या प्रकारांची नावं मुलं घडाघडा म्हणतात. पण वाक्याला चिन्ह कुठलं द्यायचं ते कळत नाही आणि स्वतःहून एक प्रश्नही इंग्रजीत विचारत नाहीत. माझं कुठे चुकतंय?
– एक शिक्षिका, जुन्नर तालुका

उत्तर : बाई, नावं आधी आली, तिथे चुकतंय. तुमची मुलं मराठीत ही चारही कामं दिवसभर करतात. सांगतात, विचारतात, ‘दे की गं’ म्हणतात, ‘अय्या!’ म्हणतात. तेच त्यांना इंग्रजीत करायला द्यायचं आहे. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्यामुळे चौथीपर्यंत कानावरून बरंच गेलेलं असतं. तोंडात येत नाही, एवढंच.

माझ्या वर्गातलं सांगते. चौथीत एकदा मी परसातला लाल भोपळा नेला. फळ्यावर ‘व्हॉट अ बिग पम्पकिन’ लिहून एका मुलाला चिन्ह द्यायला बोलावलं. त्यानं ठसठशीत प्रश्नचिन्ह काढलं. का रे, म्हटलं, तर म्हणाला, “बाई, व्हॉट आलं की प्रश्न, तुम्हीच सांगितलं होतं.” खरंच सांगितलं होतं मी. मग त्याला म्हटलं, भोपळा उचल बघू. कवेत घेऊन जेमतेम वर केला आणि ओरडला, “बाप रे, काय जड आहे!” मी विचारलं, हा ‘काय’ प्रश्नाचा का? पोरगं भोपळा धरूनच विचारात पडलं. “नाही बाई, हा नवलाचा काय.” खाली ठेवला आणि प्रश्नचिन्ह स्वतःच पुसलं.

तेव्हापासून आमच्या वर्गात ‘विचारायचा काय’ आणि ‘नवलाचा काय’ असे दोन काय झाले. पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह मराठीच्या पुस्तकातही तीच आहेत. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी या इंग्रज कोशकारानं ती इंग्रजीच्या धर्तीवर मराठीत रूढ केली. तेव्हा चिन्ह नवं शिकवू नका, मराठीतलंच आठवायला लावा.

अवघड आहे तो प्रश्न. मराठीत ‘तू येतोयस’ला ‘का’ जोडला की झालं, शब्द जागचे हलत नाहीत. म्हणून मुलं ‘यू आर कमिंग?’ म्हणतात. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर शब्द लिहा आणि तीन मुलांच्या हातात द्या. ‘यू’ आणि ‘आर’नं जागा बदलायच्या, ‘कमिंग’नं हलायचं नाही. पुढे ‘यू लाइक मँगोज’ आलं की जागा बदलायला ‘आर’ नसतोच. मग बाहेरून ‘डू’ला बोलवायचं. तो कागद मी स्वतःकडे ठेवायची, मुलं ओरडून मागायची. आणि प्रश्न म्हटला की आवाज चढवा, असं सरसकट सांगू नका. ‘आर यू कमिंग?’ला शेवटी चढतो, पण ‘व्हेअर इज युवर बॅग?’ला बहुधा उतरतो.

स्वतःहून विचारत नाहीत, कारण आपण हातात पेन धरून ‘व्हॉट इज धिस?’ विचारतो. उत्तर दोघांनाही ठाऊक, मग विचारावंसं का वाटेल? कापडी पिशवीत काहीतरी लपवा. ‘इज इट रेड?’, ‘कॅन वी ईट इट?’ असं विचारत मुलांनी ते ओळखायचं. वस्तू खरोखर लपलेली हवी, एवढी एकच अट.

हुकमाची पाळी मुलांना द्या, रोज पाच मिनिटं. ‘ओपन द डोअर’, ‘क्लॅप युवर हँड्स’, आणि आपण निमूट ऐकायचं. माझ्याकडची एक मुलगी मला नुसतं ‘सिट डाउन’ म्हणेना. मराठीत ‘बस’ आणि ‘बसा’ वेगळे, इंग्रजीत दोन्हीला एकच ‘सिट’. तिला ते बरोबर जाणवलं होतं. शेवटी म्हणाली, “सिट डाउन, बाई.” ‘प्लीज’ मी त्याच दिवशी शिकवलं, आणि ते पुन्हा शिकवावं लागलं नाही.

‘कॅन यू गिव्ह मी युवर पेन?’ हा दिसायला प्रश्न, मनातून विनंती. त्यात चौथीत शिरू नका, प्रश्नचिन्ह पुरे. प्रकारांची नावं दिवाळीनंतर सांगा. तोवर पिशवी रोज वर्गात असू द्या, आणि पंधरा दिवसांनी तिच्यात एकदा मुलांना लपवू द्या, तुम्ही विचारा.