पेपर वाचायचा, सादर करायचा की मांडायचा?

प्रश्न एका प्राध्यापिकेचा आहे. त्यांच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राची दोन दिवसांची परिषद भरते आहे आणि माहितीपत्रक यंदा मराठीतही काढायचं ठरलं आहे. मसुद्यात त्यांनी ‘सारांश पाठवा’, ‘शोधनिबंध वाचन’ आणि ‘भित्तिपत्रक सादरीकरण’ असं लिहिलं. ‘वाचन’ जुनाट वाटतं म्हणून सहकाऱ्याने ते खोडलं आणि ‘भित्तिपत्रक’ बघून विद्यार्थी हसले. बरोबर काय, असं त्या विचारतात.

आधी ‘पेपर’ घेऊ, कारण घोळ तिथून सुरू होतो. मराठीत पेपर सकाळी दारात पडतो, बोर्डाचा असतो, अवघड जातो, कधी फुटतोही. आयटीतली मंडळी ‘पेपर टाकतात’ म्हणजे नोकरी सोडतात. त्यामुळे पीएचडी करणाऱ्या नातवाने ‘उद्या माझा पेपर आहे’ म्हटलं की आजी त्याच्या हातावर दही ठेवायला निघते. प्रयोगशाळेत बोलताना पेपर म्हणायला कुणाचीच हरकत नसावी. छापील पत्रकात मात्र शोधनिबंध लिहा. शब्द चांगला रुळला आहे आणि त्याच्याशी दुसरा कुठला अर्थ चिकटलेला नाही.

हल्ली ‘शोधपत्र’ही दिसायला लागलं आहे. ते हिंदीतून आलं आहे आणि त्याची आपल्याला गरज नाही. या प्रांतात हिंदीकडून उसनं घेताना जरा जपूनच राहावं. आपलं संशोधन हिंदीत गेलं की त्याची दुरुस्ती होते: त्यांचं ‘संविधान संशोधन’ म्हणजे आपली घटनादुरुस्ती. उलट पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ज्या परिषदेच्या छत्राखाली येते तिचं हिंदी नाव ‘वैज्ञानिक तथा औद्योगिक अनुसंधान परिषद’. मराठी कानाला अनुसंधान म्हटलं की डोळे मिटून नामस्मरणाला बसलेला माणूस आठवतो. तसे शास्त्रज्ञ असतात म्हणा, पण त्या परिषदेला ते म्हणायचं नसावं.

आता ‘वाचन’. तुमचे सहकारी त्याला जुनाट म्हणतात, ते मला पटत नाही. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभं राहिलं आणि तिथेच १९१९ साली प्राच्यविद्या परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. अशा सभांत निबंध वाचला जातो म्हणजे खरोखरच वाचला जातो. इतिहासात किंवा संस्कृतात पुरावाच शब्दांत असतो. पत्रातली ओळ, तिची तिथी, पाठभेद, यातलं अक्षरही इकडचं तिकडे होऊन चालत नाही. म्हणून आजही त्या क्षेत्रातला माणूस हातात कागद घेऊन उभा राहतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. तिथे ‘वाचन’ अगदी चोख आहे.

रसायनशास्त्राच्या परिषदेत मात्र कुणी निबंध वाचत नाही. दहा-बारा मिनिटं बोलायचं, पडद्यावर आलेख आणि वर्णपट दाखवायचे, दोन-तीन मिनिटं प्रश्न घ्यायचे, घंटा झाली की उतरायचं. शब्द जुना आहे म्हणून तो खोडायचं कारण नाही, इथे वाचन घडतच नाही म्हणून तो खोडायचा. (पडद्यावरची वाक्यं पाठ फिरवून जशीच्या तशी वाचणारे वक्ते सगळ्याच शास्त्रांत असतात. पण त्यांच्या सोयीसाठी शब्द ठेवायला नको.)

मग ‘सादरीकरण’? चूक नाही, पण मला ते फारसं आवडत नाही. ‘सादर’ म्हणजे आदरासह, त्यामुळे ‘सादर करणे’ला वरिष्ठांपुढे कागद ठेवल्याचा वास येतो: प्रस्ताव सादर, अहवाल सादर, खुलासा तीन दिवसांत सादर करावा. गंमत म्हणजे पेशवाईच्या कागदांत ‘सनद सादर केली असे’ असं येतं, तिथे प्रवास उलटा आहे. सनद वरून खाली येते. तो ‘सादर’ अरबी-फारसी वाटेने आलेला, जारी केलेला या अर्थाचा. दोन वेगळे शब्द एकाच रूपात भेटले आणि आज संस्कृत अर्थ वरचढ ठरला. त्यात आता नाटक, नृत्य, गाणं हेही सादर होतं, म्हणून ‘सादरीकरण’ म्हटलं की निम्मं लक्ष पडद्यावरच्या सजावटीकडे जातं.

यापेक्षा आपल्याकडे एक साधं, तगडं क्रियापद पडून आहे: मांडणे. आपण मुद्दा मांडतो, बाजू मांडतो, गणित मांडतो, विधानसभेत अर्थसंकल्प मांडतात. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. समोर ठेवलेलं दुसऱ्याने तपासायचं आहे, त्यावर प्रश्न विचारायचे आहेत, हवं तर खोडून काढायचं आहे. परिषदेतही नेमकं तेच अपेक्षित असतं. ‘या सत्रात आठ शोधनिबंध मांडले जातील’ हे वाक्य वाचून बघा, कुठे अडखळायला होत नाही. आणि ‘मांडणी नीट नव्हती’ ही टीकाही आपण आपोआप करतोच.

ओरल (मंचावरून बोलून) आणि पोस्टर (मोठ्या कागदावर छापून, शेजारी उभं राहून) असे मांडण्याचे दोन प्रकार असतील तर ‘मौखिक सादरीकरण’ हे जोडनाव पत्रकांत फार दिसतं. मौखिक म्हटलं की ओव्या आणि लोकगीतांची परंपरा आठवते. ‘तोंडी’ म्हणावं तर एकतर परीक्षा, नाहीतर लोणचं. सरळ ‘व्याख्यान’ म्हणा: निमंत्रितांचं मोठं, बाकीच्यांचं लहान. पत्रकात ‘व्याख्यान (१२ मिनिटे)’ असं लिहिलं की काम झालं. कीनोटसाठी ‘बीजभाषण’ चांगलंच रुजलं आहे, ते तसंच राहू द्या.

‘सारांश’ मात्र बदला, आणि ‘गोषवारा’ लिहा. शाळेत आपण उताऱ्याचा सारांश लिहायचो, म्हणजे उतारा आधी असायचा. परिषदेला अ‍ॅबस्ट्रॅक्ट (निबंधात काय असेल त्याचं छोटं टिपण) जातं तेव्हा पुष्कळदा निबंध लिहूनच झालेला नसतो. जे अजून लिहिलंच नाही त्याचं सार काढायचं कुठून? गोषवारा हा हिशेबाच्या दप्तरातला शब्द. फारसीतला ‘गोश’ म्हणजे कान आणि ‘गोशवारा’ म्हणजे कानातलं. पुढे त्याला जमाखर्चाच्या आकड्यांची एकत्र मांडणी असा अर्थ आला, आणि महसुली दप्तरात तो अजून रोजच्या वापरात आहे. गोषवारा म्हटला की वाचणारा विचारतो, बेरीज किती आली? चांगल्या अ‍ॅबस्ट्रॅक्टचीही तीच कसोटी आहे. ‘उत्प्रेरकाचा अभिक्रियेच्या वेगावर होणारा परिणाम अभ्यासण्यात आला असून निष्कर्षांची चर्चा करण्यात येईल’ हा फार तर विषयाचा परिचय झाला. ‘अमुक तापमानाला, अमुक उत्प्रेरक वापरून वेग दुपटीहून वाढला, त्यापुढे तापमान चढवलं तर उत्प्रेरक निकामी होतो’ हा गोषवारा झाला. पत्रकात ‘गोषवारा २५० शब्दांत पाठवावा’ म्हटल्यावर निदान काही जण तरी आकडे पाठवतील, अशी माझी भाबडी आशा आहे.

गोषवारा नाकारला तर कळवताना काय लिहावं, असं त्यांनी विचारलेलं नाही, तरी सांगतो. मराठी संपादकांचं ‘साभार परत’ आहे की. ‘अस्वीकृत’ कशाला?

राहिलं भित्तिपत्रक. शब्द व्याकरणाने शुद्ध आहे, आणि लिहायचाच तर ‘त्ति’ ऱ्हस्व. मूळ संस्कृत शब्द भित्ति, समासात तो तसाच राहतो. भिंतीच्या नादाने लोक दीर्घ करतात. तरी विद्यार्थी हसले त्यात त्यांचं फार चुकलं नाही. भित्तिपत्रक म्हणजे निवडणुकीतलं किंवा लसीकरणाचं, येणाऱ्याजाणाऱ्याने उभ्याउभ्या वाचून पुढे जायचं. परिषदेत तर भिंतही नसते, उभे केलेले बोर्ड असतात, आणि मुख्य म्हणजे शेजारी ते करणारा माणूस उभा असतो. ‘फलक’ हा पर्याय सुचवला जातो, पण त्याला सूचना आणि नामफलक चिकटले आहेत.

मी म्हणेन पोस्टरच लिहा. ज्या दुकानात ते छापायचं तिथे दुसरा शब्द चालतही नाही. तिथली भाषा ऐकण्यासारखी असते: ‘उभं की आडवं?’, ‘मॅट का ग्लॉसी?’, ‘कापडावर देऊ का, घडी पडत नाही.’ आयोजकांनी ए-झिरो म्हटलेलं असतं, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. दुकानदार ते फुटांत करून तीन बाय चार म्हणतो, आणि बोर्ड नेमका ए-झिरोचा असेल तर पोस्टरची कड बाहेर लोंबते. त्यामुळे मराठी पत्रकात शब्दाइतकंच माप महत्त्वाचं आहे. मिलिमीटरमध्ये द्या, आणि ‘उभे’ किंवा ‘आडवे’ हे स्पष्ट लिहा. क्रियापद मात्र जपून वापरा: पोस्टर ‘लावायचं’ सकाळी नऊला आणि ‘समजावून सांगायचं’ दुपारच्या सत्रात. दोन्हींसाठी ‘सादरीकरण’ लिहिलंत तर लोक दुपारीच पोस्टर घेऊन उगवतील.

परिषदेलाच काय म्हणावं, यावर फार वेळ घालवू नका. परिषद ही संस्थाही असते आणि भरणारी सभाही. मराठी विज्ञान परिषद १९६६पासून आहे आणि तिचं दरवर्षी अधिवेशन भरतं. तुमची संस्था नाही, एकदाच भरणारी सभा आहे, तेव्हा ‘परिषद’ पुरे. ‘काँग्रेस’ शब्द मात्र टाळा. २०२३च्या जानेवारीत नागपूरला १०८वी सायन्स काँग्रेस भरली होती, पण मराठीत नुसती काँग्रेस म्हटली की पुढचा प्रश्न उमेदवार कोण हाच येतो.

शेवटी छापल्या जाणाऱ्या पुस्तकाचं नाव. मसुद्यात ‘स्मरणिका’ आहे. स्मरणिकेत मान्यवरांचे शुभसंदेश, आयोजकांचे फोटो आणि सराफांच्या जाहिराती असतात. ती वेगळी काढा. निबंधांच्या पुस्तकाला इतिहास संशोधक मंडळ ‘इतिवृत्त’ म्हणत असे. आज तो शब्द बैठकीच्या टिपणांकडे गेला आहे, म्हणून ‘शोधनिबंध-संग्रह’ असं नाव द्या. नुसते गोषवारेच छापणार असाल तर ‘गोषवारा-पुस्तिका’.