ब्राझीलचा ताल आणि जॅझमधला मुक्त विस्तार (ऐनवेळी सुचेल तसं वाजवत जाणं) एकत्र ऐकायचा तर सुरुवात कोणत्या अल्बमने करावी?

बहुतेक जण सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि ब्राझीलचा गायक-गिटारवादक जोआओ जिल्बेर्तो यांचा ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ (1964) सुचवतील. अल्बम सुंदरच आहे, 1965 च्या ग्रॅमीत वर्षातला सर्वोत्तम अल्बमही ठरला. पण त्यात गाणं पुढे आणि विस्तार बेताचा. तुम्हाला विस्तारच ऐकायचा असेल, तर स्टॅन गेट्झ आणि गिटारवादक चार्ली बर्ड यांचा ‘जॅझ सांबा’ (1962) आधी लावा. वॉशिंग्टनमधल्या एका चर्चच्या सभागृहात ध्वनिमुद्रित झालेला, गायन अजिबात नाही. गिटार आणि दोन ड्रमवादक ताल धरून ठेवतात आणि गेट्झचा सॅक्सोफोन त्यावरून निवांत फिरतो.

ऐकताना एक करून बघा. सांबा हा ब्राझीलचा नाचाचा ताल, दोन मात्रांचा, वजन दुसऱ्या मात्रेवर. सांब्यातूनच आलेल्या बोसा नोव्हा या शैलीत तेच हलकं होतं आणि गिटारचे ठोके मात्रेच्या जरा आधी-मागे पडतात. पायाने ठेका धरलात की सॅक्सोफोन कुठे मुद्दाम रेंगाळतो ते लगेच कळेल.

पण माझा खरा लाडका अल्बम वेगळाच: सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टरचा ‘नेटिव्ह डान्सर’ (1975). ब्राझीलचा मिल्टन नासिमेंतो त्यात गातो. पहिलीच रचना नऊ मात्रांची, सुरुवातीला शब्द नाहीत, नुसता उंच, पातळ आवाज. मग शॉर्टरचा सोप्रानो सॅक्सोफोन येतो. हेडफोन लावून, रात्री ऐका. पियानोवर हर्बी हॅन्कॉक, तालवाद्यांवर आयर्तो मोरेरा.

आयर्तो आवडला तर पियानोवादक चिक कोरियाचा ‘लाइट अॅज अ फेदर’ (1973) घ्या; तिथे गायिका फ्लोरा पुरिमही आहे.