क्लिक चार, विंडो एकच

प्रश्न : आमचं बिलिंग सॉफ्टवेअर विंडोजवर उघडायला वेळ घेतं. काउंटरवरची मुलं आयकॉनवर दणादण क्लिक करतात. त्या नावाची विंडो आधीच आहे का, हे फाइंडविंडो या विंडोजच्या फंक्शनने तपासतो, तरी कधीकधी दोन उघडतातच.

उघडणारच. प्रोग्रॅमची दुसरी प्रत तपासते तेव्हा पहिलीची विंडो अजून तयारच झालेली नसते. प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या, यादीत नाव शोधलंत तर उलटा घोळ होतो: दोघी एकमेकींना पाहतात आणि दोघीही बंद पडतात!

नाव दिलेला म्युटेक्स, म्हणजे विंडोजकडचं एक कुलूप, वापरा. प्रोग्रॅम सुरू होताच, डेटाबेसला हात लावण्याआधी, क्रिएटम्युटेक्स करा. नाव म्हणून सरळ एक जीयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुणाशी न जुळणारा लांब आयडी, द्या. 'आहे का' पाहणं आणि नसल्यास तयार करणं विंडोज एकाच झटक्यात उरकतं, मध्ये फट राहत नाही. लगेच गेटलास्टएरर विचारा. 183, म्हणजे 'आधीच आहे', आलं तर तुम्ही दुसरे. हँडल (म्युटेक्स वापरायची खूण) मिळालं की नाही यावर ठरवू नका, ते दुसऱ्यालाही मिळतं. प्रोग्रॅम क्रॅश झाला तर हँडल विंडोजच बंद करतं, म्युटेक्स अडकून राहत नाही.

प्रश्न : सी शार्पमध्ये हेच केलं. डीबगमध्ये (चाचणीच्या बिल्डमध्ये) चालतं, रिलीजमध्ये (अंतिम बिल्डमध्ये) थोड्या वेळाने दुसरी प्रत उघडते.

म्युटेक्स मेन फंक्शनमधल्या लोकल व्हेरिएबलमध्ये असणार. पुढे वापर नाही म्हटल्यावर गार्बेज कलेक्टर, म्हणजे वापरात नसलेल्या वस्तू मेमरीतून काढणारा, तो उचलून नेतो. प्रोग्रॅम संपेपर्यंत टिकणाऱ्या स्टॅटिक फील्डमध्ये ठेवा.

प्रश्न : दुसरी प्रत 'प्रोग्रॅम आधीच चालू आहे' असा मेसेज देऊन बंद होते. पुरेसं आहे का?

माझ्या मते नाही. माणसाने क्लिक केलं ते विंडो हवी म्हणून. त्याला मेसेज काय कामाचा? दुसऱ्या प्रतीने पहिलीला नेम्ड पाइपवरून, म्हणजे दोन प्रोग्रॅममधल्या निरोपाच्या वाटेवरून, निरोप द्यावा, सोबत उघडायच्या फाइलचा पाथही द्यावा, आणि गुपचूप बंद व्हावं. पहिलीने मिनिमाइझ झालेली विंडो पुढे आणावी.

इथे बरेच जण अडकतात: विंडो पुढे येत नाही, टास्कबारवर नुसती लुकलुकते. मागे पडलेल्या प्रोग्रॅमला स्वतःहून पुढे घुसायला विंडोज मनाई करतं. तो हक्क आत्ता क्लिक झालेल्या, म्हणजे दुसऱ्या प्रतीकडे असतो. तिने निरोप देण्याआधी पहिलीचा प्रोसेस आयडी देऊन अलाउसेटफोरग्राउंडविंडो कॉल करावं.

प्रश्न : लिनक्सवर लॉक फाइल ठेवतो. लाइट गेली की फाइल तशीच राहते आणि प्रोग्रॅम उघडतच नाही.

फाइल असण्या-नसण्यावर विसंबू नका, तिच्यावर एफलॉक, म्हणजे कर्नलने (सिस्टिमच्या गाभ्याने) सांभाळलेलं कुलूप, घ्या. प्रोसेस मेली की कर्नल लॉक सोडतो. फाइल पडून राहिली तरी बिघडत नाही. बंद होताना ती पुसायच्या भानगडीतही पडू नका, तिथेच दोन प्रतींमध्ये नवी शर्यत सुरू होते.

प्रश्न : सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने दोघं लॉगिन करतात, तेव्हा दोन प्रती चालतात.

म्युटेक्सचं साधं नाव त्या सेशनपुरतंच, म्हणजे त्या एका लॉगिनपुरतंच, असतं. सगळ्या सेशनमध्ये मिळून एकच हवी तर नावाआधी 'ग्लोबल' आणि बॅकस्लॅश (Global\) हा उपसर्ग लावा. दुसऱ्या युजरला कदाचित 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येईल. त्याचाही अर्थ 'आधीच चालू आहे' असाच घ्या. पण आधी ठरवा, खरंच एकच हवी आहे का? बिल नंबर दुबार पडतात म्हणून हा खटाटोप असेल, तर म्युटेक्स शेजारच्या काउंटरवरच्या मशीनला अडवणार नाही. त्यासाठी टेबलमधल्या बिल नंबरच्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंटच, म्हणजे तोच नंबर पुन्हा न घेण्याचा नियमच, लावा.