आयसा मोडून अल्फा रोमिओ घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमध्ये रेडिंगला राहणारे एक वाचक, वय ४४, मूळचे साताऱ्याचे. दोघेही नोकरी करतात. मुलगी बारा वर्षांची, मुलगा नऊचा. शेअर्सच्या आयसामध्ये (आयसा म्हणजे ब्रिटनमधलं करमुक्त बचतीचं खातं) ७१,००० पौंड, बँकेत ९,०००, घरखर्च महिना ३,४०० आणि शिल्लक महिना साधारण ९००. घराचं कर्ज १,८६,००० पौंड. त्याचा दीड टक्क्याचा ठरलेला दर येत्या वर्षात संपतो. त्यांना १९७२ सालची उजव्या स्टिअरिंगची अल्फा रोमिओ २००० जीटीव्ही ४३,५०० पौंडांना मिळते आहे. आयसामधून पैसे काढून ती घ्यावी, सहा वर्षं हौसेने चालवावी आणि मुलीच्या युनिव्हर्सिटीच्या वेळी विकावी, असा बेत आहे. नफ्यावर कर नाही म्हणून ही गुंतवणूकच आहे, असं त्यांच्या मित्राचं म्हणणं.

नमस्कार,

माझं उत्तर आधीच सांगते. ही गाडी, या किमतीला, या वर्षी घेऊ नका. अल्फा मात्र डोक्यातून काढू नका.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात पटलेलं कारण तुम्ही अगदी शेवटी, एका ओळीत लिहिलं आहे. बाबांची फियाट होती, रविवारी ती धुवायचं काम तुमच्याकडे असायचं आणि तेव्हापासून इटालियन गाडीचं वेड आहे. कुर्ल्याला बनणारी प्रीमिअर पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००, त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी घरांत हे वेड त्याच रस्त्याने आलं आहे. गाडी घ्यायला एवढं कारण पुरेसं आहे. त्याला गुंतवणुकीचा टेकू द्यायला गेलं की हिशोब चुकायला लागतो.

आधी कराचं बघू. ब्रिटनमध्ये प्रवासी मोटारीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, हे मित्राचं म्हणणं बरोबर आहे. पण तुमचे पैसे आत्ता आयसामध्ये आहेत आणि तिथल्या नफ्यावरही कर नाहीच. करमुक्त जागेतून पैसा काढून करमुक्त जागेत ठेवला, तर कराच्या बाबतीत तुमच्या पदरात काहीच पडत नाही. गाडी तोट्यात विकावी लागली, तर तो तोटा दुसऱ्या नफ्यातून वजाही करता येत नाही. शिवाय आयसामध्ये एका माणसाला वर्षाला २०,००० पौंडच भरता येतात. तुमचा आयसा काढलेले पैसे त्याच वर्षात परत भरू देणाऱ्या प्रकारचा नसेल, तर ४३,५०० पौंडांची ही जागा पुन्हा भरायला एकट्याच्या नावावर दोन वर्षांचा पूर्ण कोटाही पुरणार नाही. मित्राने हा भाग सांगितलेला दिसत नाही.

आता सहा वर्षांचं गणित. हेच ४३,५०० पौंड वर्षाला पाच टक्क्यांनी वाढले, तर सहा वर्षांत साधारण ५८,३०० होतात. पाच टक्क्यांची हमी कुणीच देत नाही, मी तुलनेसाठी मध्यम आकडा धरला आहे. गाडी सांभाळायचा खर्च वेगळा. तुमच्याकडे गॅरेज नाही, म्हणजे ते भाड्याने घ्यावं लागेल. त्यात विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि दरवर्षी निघणारं काही ना काही काम. मी वर्षाला ३,००० पौंड धरते. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीसाठी हा अंदाज सढळ मुळीच नाही. सहा वर्षांचे १८,००० झाले. म्हणजे नुसती बरोबरी साधायलाही गाडी सहा वर्षांनी ७६,००० पौंडांच्या वर विकली जायला हवी. किंमत दरवर्षी जवळपास दहा टक्क्यांनी, न थांबता वाढली तरच हे जमेल. लिलावात विकलीत तर त्यांचं कमिशन त्यातून जाणार.

जुन्या गाड्यांच्या किमती फक्त वरच जातात, असं ज्यांना वाटतं त्यांनी १९८०च्या दशकाची अखेर आठवावी. १९८८च्या ऑगस्टमध्ये फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी गेले आणि आधीच तापलेला बाजार आणखी उसळला. लोकांनी कर्ज काढून इटालियन गाड्या घेतल्या. १९९० नंतर तोच बाजार कोसळला आणि चढ्या भावाने घेतलेल्यांना आपली किंमत परत दिसायला फार मोठा काळ थांबावं लागलं. तुम्हाला सहा वर्षांनी सप्टेंबरमध्येच पैसे लागणार आहेत. मुलीची फी कर्जातून भागेल, पण राहण्या-खाण्याच्या कर्जाची रक्कम आईवडिलांच्या उत्पन्नावर ठरते. तुम्हा दोघांच्या पगारात तो भार बराचसा तुमच्यावरच येईल. आयसामधून दरमहा ७०० पौंड काढता येतात. गाडी मात्र पूर्ण विकावी लागते आणि ती समोरचा गिऱ्हाईक देईल त्या भावाला.

पण मला खरी काळजी वाटते ती गाडीच्या भावाची नाही, तुमच्या घरकर्जाची. त्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलं आहे. वीस वर्षं उरली आहेत असं धरलं, तर दीड टक्क्याने आज हप्ता सुमारे ९०० पौंड आहे. नवा दर साडेचार टक्के मिळाला तर तो ११७५च्या पुढे जाईल. महिना २८० पौंड जास्त, आणि तेही तुमच्या ९०० पौंडांच्या शिल्लकीतून. हातातली रोकड ९,००० म्हणजे पावणेतीन महिन्यांचा घरखर्च. साताऱ्याला आईवडील पंचाहत्तरीच्या पुढे आहेत असं तुम्हीच लिहिलंत. रात्री फोन आला आणि दुसऱ्या दिवशी तिकिटं काढावी लागली, तर चौघांना काय लागतं हे परदेशात राहणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको. अशा वेळी आयसामध्ये २७,५०० आणि गॅरेजमध्ये ४३,५०० अशी वाटणी मला नको वाटते.

गाडीची निवड मात्र उत्तम आहे, हेही सांगायला हवं. हेच पैसे हप्त्यावरच्या नव्या एसयूव्हीत घालतो असं लिहिलं असतंत, तर मी जास्त कडक बोलले असते. नवी गाडी शोरूममधून निघाल्यापासून उतरत जाते. चांगली जीटीव्ही तशी उतरत नाही. बेर्तोने या गाड्यांची बॉडी आखणाऱ्या इटालियन कंपनीत असताना तरुण जॉर्जेत्तो जुजारोने आखलेला हा कूपे १९६३ मध्ये आला. दोन कॅमशाफ्टचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, हे सगळं त्या काळात चार माणसांच्या गाडीत होतं. २००० जीटीव्हीचं इंजिन १९६२ सीसीचं. सुटे भाग आजही मिळतात, ब्रिटनमध्ये जाणकार मेकॅनिक आहेत, मालकांचा क्लबही जागता आहे. चाळीस वर्षं उलटलेली असल्यामुळे रोड टॅक्स शून्य, लंडनच्या प्रदूषण पट्ट्याचं शुल्क नाही आणि गाडीत मोठे फेरफार झालेले नसतील तर एमओटीची, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. तरी एमओटी दरवर्षी करून घ्यावी असं माझं मत आहे. फी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड आहे आणि त्या पैशात दुसरं कुणीतरी गाडीखाली डोकावतं.

डोकावायला हवंच, कारण या गाड्यांना खातो तो गंज. इंजिनचं काम काढलं तर खर्चाचा अंदाज बांधता येतो, पत्र्याच्या कामात तो बांधता येत नाही. तुम्ही पाठवलेले फोटो मी नीट पाहिले. नवा लाल रंग झकास आहे, पण रंगाच्या आधी पत्रा कापून जोडल्याचा एकही फोटो नाही, एकही पावती नाही. रंगावर एवढा खर्च करणाऱ्या माणसाने खालचं काम नीट केलं असतं, तर त्याचे फोटो त्याने आधी दाखवले असते. दाराखालचे सिल, जॅक लावायच्या जागा, पुढच्या काचेचा खालचा काठ, डिकीत स्टेपनी ठेवायचा खड्डा, गालिच्याखालची फरशी, हे सगळं हाताने चाचपून बघावं लागतं. सिलवर पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. तेलाच्या झाकणाला आतून पांढरट साय दिसली, तर हेड गॅस्केटबद्दल विचारा. थंड गाडीत दुसरा गिअर टाकताना करकर आली तर घाबरू नका, या गिअरबॉक्सची ती जुनी खोड आहे, पण ती भावात धरा. पत्र्याचं काम निघालं, तर पाच आकडी बिल सहज होतं आणि माझं वरचं सगळं गणित तिथेच मोडतं.

मग करायचं काय? या वर्षी घरकर्जाचा नवा दर बांधून घ्या आणि रोकड २०,००० पौंडांपर्यंत न्या. हप्ता वाढल्यावर महिना ६२० उरतील, त्यात तुम्ही लिहिलेला ४,००० चा बोनस घातला की वर्षभरात हे जमतं. त्यानंतरची दोन वर्षं तेच ६२० गाडीच्या नावाने वेगळ्या खात्यात टाका, सुमारे १५,००० होतील. आयसामधून १२,००० पेक्षा जास्त काढू नका. पेन्शनच्या कपातीला हात लावू नका. तीन वर्षांनी तुमच्याकडे २७,००० असतील. त्यातले ४,००० पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला राखून ठेवा आणि उरलेल्या २३,००० मध्ये गाडी शोधा. या पैशात निर्दोष २००० जीटीव्ही मिळेल असं मी म्हणत नाही. पण लान्चियाची फुल्व्हिया कूपे बघा. १९७२ची माँटे कार्लो रॅली जिंकलेली हीच गाडी, अरुंद कोनाचं व्ही-फोर इंजिन, आणि अल्फाच्या मानाने अजून स्वस्त. किंवा ऐंशीच्या दशकातली अल्फाचीच जीटीव्ही-सिक्स, अल्फाचे इंजिनिअर ज्युझेप्पे बुस्सो यांच्या अडीच लिटरच्या व्ही-सिक्स इंजिनाची. तिचा आवाज एकदा ऐकलात तर मन वळेलही. विमा घेताना किंमत आधी लेखी ठरवून दिलेलीच पॉलिसी घ्या.

तुमच्या पत्नीचं मत पत्रात कुठेच नाही. वरचे आकडे दोघांनी एकत्र बसून बघा, कारण आयसा तुमच्या नावावर असला तरी २८० पौंडांचा वाढीव हप्ता दोघांच्या पगारातून जाणार आहे.

विक्रेता शुक्रवारपर्यंत ५०० पौंड मागतो आहे आणि ते परत मिळणार नाहीत असं म्हणतो. ते पाठवू नका. त्याऐवजी या आठवड्यात कर्ज देणाऱ्या बँकेला किंवा ब्रोकरला फोन करा. मुदत संपण्याच्या साधारण चार ते सहा महिने आधी नवा दर राखून ठेवता येतो, आणि तोवर दर उतरले तर बहुतेक ठिकाणी तो बदलूनही मिळतो.