सह्या तेव्हा राहिल्या, आता करू नका

प्रश्न : आम्ही पाच मित्र, सगळे सत्तरीपुढचे. तरुणपणापासून दर रविवारी सिंहगड आणि वर्षातून एकदा राजगड. आमच्यातला एक जण गेल्या महिन्यात गेला. जाण्याच्या आठवडाभर आधी त्याने आम्हा तिघांसमोर वहीच्या पानावर स्वतः लिहिलं आणि सही केली : 'माझ्या अस्थी राजगडावर न्या. चार लाखांची ठेव मी शिकलो त्या रात्रशाळेतल्या मुलांच्या फीसाठी द्या. स्कूटर तुम्ही चालवा.' त्या ठेवीला नॉमिनी मी आहे. बँकेने पैसे माझ्या खात्यात जमा केले. वहिनी आणि त्याची आई आधीच गेल्या. मुलगी म्हणते, बाबांच्या मनासारखं होऊ दे. मुलगा म्हणतो, आठ दिवसांत पैसे द्या, नाहीतर पोलिसांत जातो. अस्थी त्याच्याकडेच आहेत. पानावर साक्षीदारांच्या सह्या नाहीत. पण आम्ही समोर होतो, मग आता सह्या केल्या तर चालेल का?
– एक वाचक, शनिवार पेठ

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पेन बहुधा टेबलावर काढून ठेवलेलं असेल. ते आधी खिशात घाला.

तुम्ही समोर होतात, यात मला शंका नाही. पण भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ मधल्या कलम ६३ नुसार किमान दोन साक्षीदारांनी मृत्युपत्र करणाऱ्याच्या समक्ष सही करावी लागते. तो गेल्यावर त्याच्या समक्ष सही कशी करणार? आणि ती तेव्हाच केली होती असं भासवलंत, तर ते बनावट मृत्युपत्र ठरू शकतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३८ मध्ये त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. शिवाय बिनसह्यांच्या पानाचा फोटो तुमच्यापैकी कोणी व्हॉट्सअॅपवर पाठवला नसेल कशावरून? मुलाच्या फोनमध्ये एक पान आणि कोर्टात दुसरं, असं झालं तर काही बोलायलाच उरत नाही.

एरवी त्या पानात काही कमी नव्हतं, म्हणून जास्त चुटपुट लागते. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, पुण्यात प्रोबेटची, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेण्याचीही नाही. माझ्याकडे लोक हजार रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर टाइप करून आणलेली मृत्युपत्रं घेऊन येतात आणि नेमक्या साक्षीदारांच्या जागा रिकाम्या असतात. मरणाऱ्या माणसापुढे 'मी साक्षीदार म्हणून सही करतो' म्हणायला जीभ रेटत नाही, हे मी समजू शकतो. कायदा तेवढं समजून घेत नाही. तोंडी सांगितलेलं किंवा मोबाइलवर रेकॉर्ड केलेलंही त्या सह्यांच्या जागी चालत नाही.

म्हणजे तुमचा मित्र मृत्युपत्र न करता गेला, असं धरून चालायचं. मग नॉमिनी म्हणून तुमच्याकडे आलेले पैसे कोणाचे? तुमचे नाहीत, आणि रात्रशाळेचेही नाहीत. नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कोणाच्या हातात ठेवायचे तो माणूस. मालकी वारसांची. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत हे १९८३ मध्ये सांगितलं आणि बँकेच्या ठेवींच्या बाबतीत २०१० मध्ये. उद्या तुम्ही भाबडेपणाने चार लाखांचा चेक शाळेला देऊन मोकळे झालात, तर मुलगा विश्वासघाताच्या गुन्ह्याची तक्रार देऊ शकतो. आज त्याच्या धमकीत फारसा दम नाही, कारण रक्कम जशीच्या तशी आहे. ती तशीच राहू द्या. तुमच्या पेन्शनच्या खात्यात मिसळली असेल, तर आधी वेगळी काढून ठेवा.

पण मुलगा चार लाख मागतो, तेही त्याचे एकट्याचे नाहीत. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे मुलगा आणि मुलगी दोघं वर्ग एकचे वारस आणि हिस्सा सारखा. वहिनी आणि आई नाहीत. दुसरं मूल, किंवा आधी गेलेल्या मुलाची बायको-मुलं असा आणखी कोणी वारस नसेल, तर दोन-दोन लाख. तुम्ही दोघांना स्पीड पोस्टाने पत्र लिहा : रक्कम माझ्याकडे सुरक्षित आहे, दोघांचा हिस्सा अर्धा-अर्धा द्यायला मी तयार आहे. मुलाला त्याचे दोन लाख चेकने द्या आणि सहीची पावती घ्या. मुलीने तुम्हाला लेखी कळवायचं की माझा हिस्सा अमुक शाळेला द्या. मग तो शाळेच्या संस्थेच्या नावाने चेकनेच जाऊ दे, पावती मुलीच्या नावाची. वाटणीवरून दोघांचं जुळलंच नाही, तर त्यांना शिवाजीनगर कोर्टातून वारसा प्रमाणपत्र आणायला सांगा आणि तोवर एक रुपयाही हलवू नका. निम्मी इच्छा तरी अशी सरळ मार्गाने पुरी होते. त्यासाठी मुलाचा होकार लागत नाही.

अस्थींचं मात्र तसं नाही. अस्थींचं काय व्हावं याची इच्छा मृत्युपत्रात नीट लिहिलेली असती, तरी मित्रांनी कोर्टातून ती मिळवावी असा सोपा मार्ग नाही. इथे मागणं म्हणजे विनंती. सगळ्या मागू नका, मूठभर मागा. अस्थींची वाटणी ही काही अशुभ गोष्ट नाही. नेहरूंनी मूठभर गंगेत आणि बाकीच्या देशभरच्या शेतांवर विमानातून उधळायला सांगितल्या होत्या. मुलाला आळंदीला किंवा नाशिकला न्यायच्या असतील, तर नेऊ देत.

आणि मिळाल्याच, तरी गडावर जपून. राजगड राज्य संरक्षित स्मारक आहे आणि २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पद्मावती तळ्यात किंवा टाक्यांत अस्थी सोडू नका, ते पाणी माणसं पितात. नावाची फरशी बसवणं, दगडावर तारीख कोरणं हे तर डोक्यातूनच काढा, तो गुन्हा आहे. मी तुमच्या जागी असतो, तर गडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातल्या एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या बांधावरच्या झाडाखाली, बालेकिल्ला दिसेल अशा जागी, ती मूठ मातीत मिसळली असती. नंतर ज्याचे गुडघे साथ देतील त्याने चोरदरवाजापर्यंत चढावं.

स्कूटर वारसांची. त्यांनी मृत्यूची माहिती आरटीओला ३० दिवसांत द्यायची असते आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून आधी आपल्या नावावर करून घ्यायची असते. ते होईपर्यंत किक मारू नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न मालकीचा विचारेल.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठे दिसली नाही. मुलाने ते पान पाहिलंय का? फोटो नव्हे, मूळ पान, बापाच्या थरथरत्या अक्षरातलं. एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवा आणि मूळ पान त्याच्या हातात नेऊन द्या. पैशांचा चेकही त्याच वेळी द्या, म्हणजे पान दाखवून पैसे अडवताय असं त्याला वाटणार नाही. आणि चौघांनी मिळून जाऊ नका. एकटे जा.