अंगानं लहान असलेल्या आइस हॉकीपटूला

प्रिय बाळा,

तुझं पत्र वाचलं. वरच्या संघात तुझी निवड झाली नाही आणि कारण विचारल्यावर ‘अजून अंग भरलेलं नाही’ एवढंच सांगितलं गेलं, याचं मला फार वाईट वाटलं. तेरा वर्षांच्या मुलाची अशी बोळवण करणं मला पटत नाही.

तरी उंची-वजनानं काही फरक पडत नाही, अशी खोटी समजूत मी तुझी घालणार नाही. आइस हॉकीत फरक पडतो. हात लांब असले की स्टिक दूरवर पोचते, वजन असलं की बोर्डजवळच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाभोवतीच्या कठड्याजवळच्या, रेटारेटीत पक (खेळायची रबरी चकती) राखता येतो. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला झ्देनो चारा सहा फूट नऊ इंच उंच होता आणि 2012 साली त्यानं ताशी 108.8 मैल वेगाचा फटका मारला. त्या फटक्यामागे त्याची उंची होतीच.

पण तुझ्या वयात कुणाचं शरीर पाहून पुढचा अंदाज बांधायचा म्हणजे घाईच. मुलांची उंची सगळ्यात झपाट्यानं वाढते ती साधारण तेरा-चौदाच्या आसपास. कुणाची बाराव्या वर्षीच वाढते, कुणाची पंधराव्या. त्या काळात वर्षभरात आठ-दहा सेंटिमीटर सहज वाढतात. त्यामुळे तुझ्या गटातला तो मिसरूड फुटलेला मुलगा आणि तू कागदावर एका वयाचे असलात, तरी शरीरानं तुमच्यात दोन-तीन वर्षांचं अंतर असू शकतं. त्यात तुझा जन्म नोव्हेंबरचा. कॅनडात वयोगट 1 जानेवारीपासून मोजतात, म्हणजे जानेवारीत जन्मलेला मुलगा तुझ्याहून दहा महिन्यांनी मोठा असूनही तुझ्याच गटात. संशोधक रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्येच दाखवून दिलं होतं, की वरच्या स्तरावरच्या खेळाडूंमध्ये वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा असतो. मोठा दिसतो म्हणून निवडतात. निवड झाली की बर्फावर जास्त वेळ आणि चांगला प्रशिक्षक मिळतो, आणि मग तो खरोखरच सरस होत जातो. यात त्या मुलाचा काही दोष नाही, त्याच्यावर राग धरू नकोस.

आता तू काय करायचंस? सगळ्यात आधी, वजन वाढवायच्या पावडरींचा विचार डोक्यातून काढ. हाडांची वाढ त्यांनी लवकर सुरू होत नाही. पोटभर जेव, झोप कमी करू नकोस आणि उरलेला वेळ स्केटिंगला दे. ब्लेडची आतली आणि बाहेरची, दोन्ही धारा तुझ्या हुकमात हव्यात. उजवीकडे वळताना जितका विश्वास वाटतो तितकाच डावीकडे वाटला पाहिजे. जागच्या जागी थांबून पहिल्या तीन पावलांत वेग घेता आला, तर तुला गाठायलाच समोरच्याला कष्ट पडतील.

कोपऱ्यातल्या पकबद्दल तू विचारलंस, ते नीट सांगतो, कारण तुझ्यासारख्याचा खरा कस तिथेच लागतो. पककडे जाताना, तो हाती येण्याआधी, खांद्यावरून मागे बघ. एकदा नाही, दोनदा. कोण येतंय, कुठल्या बाजूनं, आपला माणूस कुठे मोकळा आहे, हे पकला हात लागण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. बोर्डवर सरळ समोरून जाऊ नकोस, तिरका जा. गुडघे वाकव, कंबर खाली घे, पक आणि येणारा खेळाडू यांच्यामध्ये तुझी पाठ न येता खुबा आणि खांदा आला पाहिजे. खाली बसलेल्या खेळाडूला हलवणं उंच माणसाला जड जातं. तिथे तुझी कमी उंची तुझ्या बाजूनं असते. धक्का चुकणार नाही असं दिसलं तर बोर्डला चिकटून उभा राहा. बोर्डपासून तीन-चार फुटांवर बसलेला धक्का सगळ्यात वाईट. आणि मान खाली घालून बोर्डवर आदळायचं कधीच नाही, डोकं वर. याबाबत मी कसलीही सवलत देणार नाही.

बॉडी चेकिंग, म्हणजे पक असलेल्या खेळाडूला अंगानं धक्का देणं, तुझ्या वयोगटात आत्ता कुठे सुरू होतंय, म्हणून हे इतकं लिहितोय. संशोधक कॅरोलिन एमरी यांच्या 2010 च्या अभ्यासात 11-12 वर्षांच्या मुलांमध्ये चेकिंगला मुभा असलेला अल्बर्टा आणि ती नसलेला क्वेबेक या कॅनडातल्या दोन प्रांतांची तुलना होती. अल्बर्टात मेंदूला मार बसण्याचा धोका तिपटीहून जास्त निघाला. अमेरिकेत 2011 मध्ये आणि कॅनडात 2013 मध्ये त्या वयासाठी चेकिंग बंद झालं. धक्का बसल्यावर डोकं दुखलं, गरगरलं, तर त्याच क्षणी बर्फावरून बाहेर ये. धाडस दाखवायची ही जागा नाही.

मार्टिन सेंट लुईचे सामने शोधून बघ. उंची पाच फूट आठ इंच, कुठल्याही संघानं त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घेतलं नाही, आणि 2004 मध्ये तो एनएचएलमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू ठरला. 2013 मध्ये सदतिसाव्या वर्षी पुन्हा. असे खेळाडू थोडे असतात, हेही खरं. म्हणून तो जिंकला हे बघू नकोस. पक येण्याआधी त्याची मान कशी वळते, ते बघ.

दर तीन महिन्यांनी भिंतीला टेकून उंची मोज आणि लिहून ठेव. आकडा एकदम पळायला लागला की काही काळ पाय जड वाटतील, वळणं चुकतील, स्टिक आखूड पडेल. तेव्हा घाबरून जाऊ नकोस, स्टिकची लांबी पुन्हा तपासून घे. गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं तर दाबून खेळू नकोस, घरी आणि प्रशिक्षकांना सांग. पुढच्या पत्रात मला एकच गोष्ट कळव: कोपऱ्यात शिरताना मागे बघायची सवय लागली का?

तुझा,
सर